दीड सेकंद

रुपालीनं टॉवेलची घट्ट गुंडाळी करून समाधानच्या हनुवटीखाली सरकवली, मान डावीकडे कलत होती म्हणून उशी बोटभर वर घेतली आणि करिष्माकडे बघितलं. करिष्मानं पलंगाला जोडलेला लोखंडी दांडा खाली ओढून स्क्रीन त्याच्या तोंडासमोर आणली. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक काळी पट्टी होती. त्या पट्टीला फक्त त्याचे दोन डोळे दिसायला हवे होते. ते एक बरं होतं, कारण हलवण्याजोगं दुसरं काही त्याच्याकडे उरलंच नव्हतं.

"ठिपका जाईल तिकडे बघायचं, दादा. घाई नाही," करिष्मा म्हणाली. ती उपचार केंद्रातून आली होती आणि असली यंत्रं शिकवणं हेच तिचं काम होतं.

ठिपका वर गेला, खाली आला, कोपऱ्यात जाऊन थांबला. समाधानची नजर त्याच्या मागोमाग गेली. सतरा महिने छत, पंखा आणि भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर यांखेरीज त्या नजरेला जायला जागा नव्हती. मग स्क्रीनवर अक्षरं आली. एका अक्षरावर दीड सेकंद नजर ठेवली की ते वरच्या ओळीत उमटायचं. सगळं लिहून झालं की 'बोला' असं लिहिलेल्या बटणाकडे बघायचं. मग पेटीतून एका परक्या पुरुषाचा आवाज येणार होता, आणि आजपासून तोच समाधानचा आवाज होता.

रुपाली पलंगाची कड धरून उभी राहिली. इतक्या महिन्यांनी नवरा पहिलं काय बोलेल, याचा तिनं आठवडाभर घोर लावून घेतला होता. पाऊण तास गेला. खिडकीबाहेर दिघीच्या गल्लीत भंगारवाला ओरडून गेला, परत आला, परत गेला. शेवटी पेटीतून आवाज आला.

"डाव्या कानामागं खाज."

रुपाली आधी हसली, मग तिला रडू फुटलं, आणि दोन्ही चालू असतानाच तिनं कानामागं खाजवलं. समाधाननं डोळे मिटून घेतले. माणसाला सुख कशाचं वाटेल काही सांगता येत नाही.

करिष्मानं जाताना नियम सांगितले. स्क्रीन त्यांच्यासमोरून कुणी न विचारता हलवायची नाही. आणि मुख्य म्हणजे, वाक्य अर्धं असताना ते ओळखून पुरं करायचं नाही.

"घरची माणसं हेच करतात बघा, वहिनी. प्रेमानंच करतात. पण मग त्या माणसाला वाटतं, आपण कशाला डोळे शिणवायचे. ते काय म्हणणारेत हे तुम्हाला कळलं तरी थांबायचं."

"आन् चुकीचं लिव्हलं तर?"

"तरी ते त्यांचंच." करिष्मानं पिशवी खांद्याला लावली. "याच्या आधी अक्षरांचा तक्ता नव्हता का केला कुणी? पुठ्ठ्यावर लिहून, एकेका अक्षरावर बोट फिरवत जायचं. पापणी हलली की तेच अक्षर."

"कुणी सांगितलंच नाही आम्हाला," रुपाली म्हणाली आणि चादरीची घडी घालायला वाकली.

दवाखान्यात त्यांना एवढंच शिकवलं होतं की पापणी एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा मिटली म्हणजे नाही. तेवढ्यावर संसार चालला. भूक लागली का, कूस बदलू का, पंखा मोठा करू का. पण रुपाली रोज एक असा प्रश्न विचारायची की ज्याला हो-नाहीत उत्तर नव्हतं. नळीतून पातळ पेज सोडताना ती पेजेकडेच बघत म्हणायची, "कामून बंद केलं हो तुम्ही ते सेन्सर?" कधी रागानं, कधी नुसतं, मीठ कमी आहे का विचारावं तसं. समाधान दोनदा पापण्या मिटायचा. पुन्हा दोनदा. ती म्हणायची, "नका सांगू. आता सांगून तरी काय होणारे."

त्यानं सेन्सर बंद केलाच नव्हता. जगात त्याला सांगण्यासारखी एवढीच एक गोष्ट उरली होती.

निघोज्याच्या ज्या कंपनीत तो नऊ वर्षं होता, तिथं वेल्डिंग करणारा रोबो जाळीच्या पिंजऱ्यात असतो. पिंजऱ्याच्या दाराशी दोन खांब, आणि त्या खांबांमध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. मध्ये माणसाचं बोट जरी आलं तरी रोबो जागच्या जागी थांबणार. खंडेनवमीला पूजा झाली. नारळ फुटला, साहेबलोकांचे फोटो झाले, आणि कुणीतरी हौसेनं मनगटाएवढा जाड झेंडूचा हार नेमका त्या दोन खांबांना बांधला. दुपारी निरोप आला की माल अडलाय, लाइन चालू करा. पण पडद्यात हार लोंबत होता, रोबो हलेना. हार काढायचा, तर पूजेचा हार त्याच दिवशी उतरवणार कोण? शिफ्टमधले पस्तीस जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. साहेबानं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, काय करायचं ते करा, मला काही सांगू नका. तेव्हा मेंटेनन्सच्या एका पोरानं, कुणाचं लक्ष नाही असं बघून, चावी फिरवली आणि सेन्सरच बंद केला. देवही राहिला, मालही गेला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी दसरा. आदल्या दुपारी कामावर नसलेला समाधान ओव्हरटाइमला पहिल्या शिफ्टला आला तेव्हा झाडूवाल्या बाईनं हार उतरवून नेला होता. चावी मात्र कालच्यासारखीच फिरलेली होती. एक पार्ट खाली पडला, तो उचलायला समाधान रोजच्यासारखा दारातून आत गेला. रोबोचा हात थांबला नाही. मानेच्या मागं बसला. मेंदूकडे जाणारी शीर बंद झाली आणि बाकीचा सगळा माणूसच बंद झाला, डोळे तेवढे सोडून.

चावी फिरवणारा पोरगा म्हणजे रुपालीचा धाकटा भाऊ रविराज. त्याला परभणीहून आणून, स्वतःच्या खोलीत ठेवून, कंत्राटावर चिकटवून घेणारा समाधानच. चौकशीच्या कागदावर रविराजनं साक्षीदार म्हणून सही केली. दाजींनी थांबायचा वेळ वाचवायला स्वतःच चावी फिरवली, मी बघितलं, असं त्यात लिहिलं होतं. सहा महिन्यांत रविराज पर्मनंट झाला.

हे समाधानला कसं कळलं? रविराजनंच सांगितलं. दर रविवारी तो कासारवाडीहून यायचा, समाधानला लेकरासारखा उचलून मोरीतल्या खुर्चीत बसवायचा आणि डोक्यावरून कोमट पाणी घालायचा. पहिल्याच रविवारी रडत रडत सगळं ओकून मोकळा झाला. "दाजी, सकाळी येऊन फिरवणारच होतो हो चावी. दसऱ्याची सुट्टी म्हणून झोपून राहिलो. ध्यानातूनच गेलं." मग पुढचे सगळे रविवार तेच, थोडंथोडं, साबण लावता लावता. देवळात जाऊन आल्यासारखा हलका होऊन चहा पिऊन निघायचा. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापाशी माणसं फार खरं बोलतात.

समाधाननं त्याला माफ केलं होतं का? नाही. पण राग येऊन येऊन शिळा झाला होता. त्याला टोचत होतं ते वेगळंच. त्याचे वडील आबाजी, सत्तरीचे, गावाकडून एकदाच आले. पायथ्याशी बसले, पोराच्या तळपायावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हावरटपणा नडला रे, बाबा. दोन मिनिटं वाचवायला गेलास." परत आले नाहीत. आबांनी डोळे मिटायच्या आत त्यांना एवढंच कळायला हवं होतं की तसं नव्हतं.

यंत्र आलं तो दिवस सोमवार होता. त्या दिवसापासून रुपालीनं तो प्रश्न विचारला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पेज सोडताना ती आता गप्प असायची. समाधानला वाटलं, बाईला माया आली. कानामागच्या खाजेनं का होईना, आपण तिला पुन्हा माणूस वाटायला लागलो. त्याला फार बरं वाटलं, आणि त्यानं ठरवलं की घाईनं काही लिहायचं नाही, आधी हात बसू द्यायचा. म्हणजे डोळा.

रविवारी रविराज आला. खोलीत पाऊल टाकताच त्याची नजर स्क्रीनवर गेली.

"ताई, यावर कापड टाक. पाणी उडंल."

"मोरी तिकडं लांब आहे की."

"तरी टाक."

अंघोळ घालताना तो एक शब्द बोलला नाही. चहाही घेतला नाही.

पुढच्या बुधवारी मधुवंती मॅडमचा फोन आला. कंपनीतर्फे हे यंत्र त्यांनीच मिळवून दिलं होतं. चिंचवडच्या, तिशीतल्या, मनानं चांगल्या. अपघात झाला तेव्हा त्या कंपनीत नव्हत्याही. सुरक्षा सप्ताहात नव्या मुलांना दाखवायला समाधानदादांचा छोटासा व्हिडिओ हवा होता, शुक्रवारी सकाळी. "त्यांचा स्वतःचा आवाज मुलांपर्यंत जाऊ दे ना," मॅडम म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी समाधाननं लिहायला घेतलं. रुपाली पलंगाशेजारी जमिनीवर बसून ब्लेडनं रबरी वॉशरच्या कडा साफ करत होती. भोसरीच्या एका वर्कशॉपचं हे काम ती घरी आणायची. तासाभरानं स्क्रीनमधली, माणसाला बोलवायची घंटा वाजली. त्यानं 'बोला'कडे बघितलं नव्हतं. परक्या आवाजात हे ऐकवायचं त्याच्या जिवावर आलं. तिनं उठून वाचलं.

'मी नाही बंद केलं. रवीनं केलं. त्यानंच सांगितलं मला. आबांना सांग.'

तिनं ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही, हे समाधानच्या लक्षात आलं. तिनं हातातलं ब्लेड खाली वाकून डब्यात नीट ठेवलं.

"म्हायतीय मला," ती म्हणाली.

समाधान स्क्रीनकडे बघायचं विसरला. तो तिच्याकडेच बघत राहिला. मग अक्षरं उमटली. 'कधी'

"दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी. जिन्यात माझे पाय धरून रडला रवी. खाली कंपनीचे लोक कागद घेऊन बसलेले. तो म्हणला, ताई, मी खरं काय ते सांगून टाकतो." तिनं ओढणीच्या टोकाला हात पुसले, हात कोरडे होते तरी. "मीच म्हणलं, सही कर."

गल्लीत कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकून वाजत राहिला आणि बंद झाला.

"डॉक्टर म्हणले होते, चार दिवस काढले तर लई झालं. तुम्ही जाणारच होता. म्हणलं, जाणाऱ्याच्या नावावर गेलं तर त्याला काय त्याचं. राहिलेल्याचं वाटोळं नको. रवीला धरून नेलं असतं. म्हातारी आई आहे तिकडं." ती थांबली. "आन् मग तुम्ही वाचलात."

हे तिनं ज्या सुरात म्हटलं त्यात आनंद नव्हता, तक्रारही नव्हती. पाव्हणा आला आणि राहिला, एवढंच.

समाधान लिहायला लागला. त्याची नजर ठरत नव्हती, चुकीची अक्षरं पडत होती, तो मागं जाऊन पुसत होता. तो काय विचारतोय हे रुपालीला तिसऱ्या अक्षरालाच कळलं. पण करिष्मानं सांगितलेला नियम तिनं पाळला. पुरी दहा मिनिटं ती उभी राहिली.

'मग रोज कामून विचारत होतीस'

"आधी मी लोकांसमोर विचारायचे. तुमच्या आबांसमोर. मग सवयच पडली." तिनं त्याच्याकडे बघितलं. "विचारून विचारून मलाच खरं वाटायला लागलं होतं हो. तुम्ही दोनदा डोळे मिटायचे, मला राग यायचा. खोटं बोलायलेत म्हणून."

'आबांना सांग'

"सांगते की. उद्या गावभर होईल. परवा कंपनीत कळंल. रवीला काढतील, धरून नेतील. मग तुम्हाला मोरीत कोण नेणार? माझ्यानं कूस तरी बदलून होते का तुमची नीट? पाठीला जखमा झाल्या का किडे पडतात, डॉक्टर म्हणलेत ना तुमच्यासमोर?"

'फक्त आबांना'

"फक्त कुणाला काही नसतं," रुपाली म्हणाली. "पुसा ते. मॅडम यायच्यात उद्या."

त्यानं पुसलं नाही. तीही पुन्हा वॉशर घेऊन बसली आणि अंधार पडेपर्यंत कडा कापत राहिली.

सकाळी अंग पुसून, दाढी करून, तिनं त्याला निळा शर्ट घातला. स्वतः ठेवणीतली साडी नेसली. स्क्रीन सुरू केली तर कालची अक्षरं तशीच होती. तिनं पुसायच्या बटणावर बोट दाबून धरलं. अक्षरं शेवटाकडून एकेक करत गेली, आबांना, फक्त, आणि वरपर्यंत सगळी. समाधान बघत होता.

साडेदहाला मधुवंती मॅडम आल्या. सोबत कंपनीच्या शर्टातला रविराज. "घरचाच माणूस बरा, म्हणून यांनाच घेऊन आले," मॅडम म्हणाल्या. रविराजच्या हातात थर्माकोलचा पांढरा तुकडा होता; तो धरून खिडकीतला उजेड दाजींच्या तोंडावर पाडायचं काम त्याच्याकडे होतं.

मॅडमनी विचारून स्क्रीनवर एक नवं बटण बनवलं. त्यावर लिहिलं होतं, 'मी केलेली चूक तुम्ही करू नका. सेन्सर कधीही बंद करू नका.' त्यांनी ते समाधानला वाचून दाखवलं.

"एवढं टाइप करायला तुम्हाला त्रास होईल म्हणून तयारच ठेवलंय. फक्त याच्याकडे बघायचं, दादा. पण पटत नसेल तर सांगा, आपण बदलू. जबरदस्ती नाही."

त्या खरंच थांबल्या. समाधाननं बटणावरून नजर काढली आणि अक्षरांकडे नेली. 'मी' उमटलं. मग 'न' उमटलं. थर्माकोलवरचा उजेड त्याच्या कपाळावर थरथरायला लागला.

"काही म्हणतायत का ते?" मॅडमनी विचारलं.

"मी नक्की बोलतो, म्हणायलेत," रुपाली म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं ती दोन अक्षरं बोटानं पुसली. "त्यांचे डोळे दुखतात मॅडम. घ्या लवकर."

मॅडमनी मोबाइल स्टँडला लावला, त्याचा चेहरा चौकटीत घेतला. रुपाली उशाशी, चौकटीच्या बाहेर बसली. मॅडमनी बोट वर करून खूण केली.

समाधाननं रविराजकडे बघितलं. मग रुपालीकडे. मग डोळे मिटून घेतले.

स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरं आली, 'डोळे दिसत नाहीत.' मॅडम हळूच म्हणाल्या, "दादा?" समाधाननं पापण्या आणखी घट्ट मिटल्या. सतरा महिन्यांत त्याला करता आलेली ही पहिली आडमुठी गोष्ट होती, आणि ती करताना त्याचा चेहरा अगदी शांत दिसत होता.

मॅडमची नजर मोबाइलमधल्या चेहऱ्यावर होती. रुपालीनं हात पुढं केला आणि बटणावर बोट ठेवलं.

"मी केलेली चूक तुम्ही करू नका," समाधानचा आवाज म्हणाला. "सेन्सर कधीही बंद करू नका."

मॅडमनी मोबाइल काढून घेतला आणि चित्रण पुन्हा बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चौकटीत फक्त चेहरा होता, मिटलेले डोळे आणि वरून तो आवाज.

"डोळे मिटलेत," रविराज म्हणाला. "परत घ्यायचं का?"

"नको, नको. असंच राहू दे. आतून आलंय ते."

रविराजनं थर्माकोल भिंतीला टेकवून ठेवला. रुपालीनं पदराचं टोक ओढून घेतलं आणि स्क्रीनवर उमटलेला बोटाचा ठसा पुसून काढला.